हबसाण कुठलं? खापरपणजोबांच्या शोधाच्या नोंदी

२ जानेवारी २०२३

काल भीमा कोरेगावला जाऊन आलो, दरवर्षीसारखंच. रांगेतून खांबापाशी पोचलो तेव्हा पोरीनं विचारलं, बाबा यात आपल्या आजोबांचं नाव कुठंय? खांबावर नावं आहेत ४९, त्यातली २२ शेवटाला 'नाक' असलेली, म्हणजे आपल्या महार माणसांची. मी बोट वर केलंच होतं, आमचे जुने आजोबा पलटणीत होते हे लहानपणापासून ऐकलेलं, पण बोट कुठल्या नावावर ठेवू तेच कळेना. तिला म्हटलं, घरी जाऊन सांगतो. येताना गाडीत तोच विचार. म्हणून आजपासून ही वही. जे सापडेल ते तारीख टाकून लिहायचं, जे नुसतं ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच लिहायचं.

आत्ता हातात आहे ते एवढंच. खापरपणजोबा इंग्रजांच्या पलटणीत शिपाई होते. हबसाणात लढायला गेले. पेन्शन घेऊन गावी आले. एक बिल्ला होता, तो गेला. गाव मंडणगड तालुक्यात. नाव घरचं आहे, इथं देत नाही, शेवटाला नाक आहे एवढं पुरे.

८ जानेवारी

आज पिढ्या मोजल्या. आजोबा जन्माला आले १९०५ साली. त्यांचे वडील म्हणजे माझे पणजोबा १८७५ च्या आसपास. त्यांचे वडील हे शिपाई, म्हणजे कितीही ताणलं तरी १८४० च्या मागं जात नाहीत. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची. बसत नाही. त्यांचे वडील किंवा आजोबा असतील कदाचित, पण तो कदाचित खांबावर लिहिता येत नाही.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग असंही वाटलं की त्या खांबावरच्या २२ जणांना नाव तरी मिळालं, त्यांच्यानंतर जी हजारो माणसं त्याच पलटणींमधून रत्नागिरी जिल्ह्यातून गेली, पंचवीस वर्षं परेड केली, पहारे दिले आणि परत आली त्यांचं काय. आमचे त्यातले. त्यांनाच शोधायचं.

२२ जानेवारी

पहिला कागद घरातच निघाला! चुलतभावाच्या मुलीची जात पडताळणी झाली तेव्हा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे पुरावे म्हणून त्यानं गावाकडून सगळं गोळा केलेलं, कोतवाल बुकाचे उतारे, शाळेचे दाखले, फेरफार. फाइल माळ्यावर पडलेली होती. सर्टिफिकेट मिळालं की फाइल कोण उघडतंय परत.

त्यात पणजोबांचा शाळेचा उतारा आहे, १८८४ चा. मूळ मोडीत, खाली देवनागरी. जात महार. बापाचा धंदा या रकान्यात एकच शब्द, 'पेन्शनर'.

तो शब्द मी किती वेळ बघत बसलो. आपल्या माणसाच्या नावापुढं त्या काळात सरकारी कागदावर काय काय लिहिलेलं असायचं ते मी बाकीच्या उताऱ्यांत वाचलंय, आणि इथं पेन्शनर. शिवाय मुलगा शाळेत आहे, १८८४ साली! हे पलटणीमुळंच. छावणीत शिपायांच्या मुलांना शाळा असायची, काही ठिकाणी मुलींनाही, तिथं अक्षराची गोडी लागलेला बाप गावी आला तरी पोराला शाळेत घातल्याशिवाय राहणार नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार अशाच पलटणीच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यातलं, त्यांचे वडील मालोजी तेही पलटणीतलेच. आमच्या भागात हे घरोघरचं होतं म्हणायला हरकत नाही.

हिशोब: १८८४ ला पेन्शनवर, म्हणजे भरती साधारण १८६० च्या आगंमागं. पगार महिना ७ रुपये, कारण शिपायाचा पगार ७ वरून ९ झाला तो १८९५ साली, आमचे तेव्हा घरी बसलेले होते.

५ फेब्रुवारी

आत्याकडं गावी. ती ८५ ची, कान गेलेत पण डोकं शाबूत. तिनं खापरपणजोबांना बघितलेलं नाही, पण तिच्या आजीनं, म्हणजे त्यांच्या सुनेनं त्यांचं म्हातारपण काढलं आणि ती आजी आत्याच्या लग्नापर्यंत जिवंत होती. म्हणजे मधे फक्त एक माणूस. मोबाइल चालू करून समोर ठेवला आणि गप्प बसलो, मधे प्रश्न विचारले की ती तुटते हे मागच्या वेळी कळलेलं.

जसंच्या तसं उतरवून घेतोय:

"म्हातारा पाण्याला फार जपायचा. आजीनं तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात फेकलं की ओरडायचा, म्हणायचा मी आगबोटीत शिजवलेलं पाणी प्यालोय, तुला काय ठाऊक पाण्याची किंमत. आता आगबोटीत पाणी कोण शिजवील? आजी म्हणायची वय झालं म्हणून बडबडतो."

"हबसाणात थंडी लय. घोंगडीवर घोंगडी घेऊन पण दात वाजायचे म्हणे."

"बिल्ला चांदीचा होता. आजीनं हातात घेतलेला. त्याच्यावर राणी होती, डोक्यावरनं पदर घेतलेली आपल्या बायांसारखी, आणि तिच्या भोवतीनं चांदणी. मोठी चांदणी, लय टोकांची. आजी त्याला चांदणीच म्हणायची. मोडला सोनाराकडं, एका दुखण्यात."

आणि उठता उठता: "पेटी होती लोखंडी, त्याच्यावर दहाचा आकडा. तिच्यात आजी तांदूळ ठेवायची."

पेटी कुठंय विचारलं तर म्हणाली पत्रा गंजून गेला, १९७० च्या आधीच.

७ फेब्रुवारी

हबसाण म्हणजे जंजिरा. कोकणात कुणालाही विचारा हेच सांगतील, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, सिद्दीचा मुलूख म्हणजे हबसाण. आमच्या गावाहून बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडं हबसाणच सुरू व्हायचं. घरात सगळ्यांनी तेच धरलेलं, भावानं तर मागच्या वर्षी वंशावळ छापून फ्रेम केली त्यात खापरपणजोबांच्या नावाखाली 'जंजिरा मोहीम' असं लिहिलंय.

पण १८६० ते १८८४ मधे इंग्रजांची आणि सिद्दीची लढाई झालेलीच नाही. आणि जंजिऱ्याला घोंगडीवर घोंगडी? खाडीपलीकडं? तिथं जानेवारीतही घाम येतो.

काहीतरी मोठं चुकतंय एवढं कळलं, काय ते नाही कळलं.

१९ फेब्रुवारी

सापडलं. रात्रीचे दोन वाजलेत पण आत्ताच लिहितो.

पलटणीवरून जाता येईना म्हणून बिल्ल्यावरून जायचं ठरवलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या हिंदुस्थानी शिपायांना मिळालेल्या मेडलांचे फोटो एकेक करून बघत बसलो. पंजाबचं १८४९ चं, इराणच्या मोहिमेचं, १८५७ चं, अफगाणिस्तानचं. सगळ्यांवर राणी आहे पण चांदणी नाही. आणि मग एक समोर आलं, राणी मधे, डोक्यावरून खरंच पदर घेतल्यासारखं वस्त्र, आणि भोवती नऊ टोकांची चांदणी. प्रत्येक दोन टोकांच्या मधे एक इंग्रजी अक्षर, अशी नऊ अक्षरं, आणि ती जुळवली की शब्द होतो अ‍ॅबिसिनिया.

अ‍ॅबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया. म्हणजे हबशांचा देश. म्हणजे हबसाण!

जंजिऱ्याला हबसाण नाव पडलं तेच मुळात तिथले सिद्दी हबश देशातून आले म्हणून. आमच्या म्हाताऱ्यानं बरोबरच सांगितलेलं, हबसाण. ऐकणाऱ्यांना एकच हबसाण माहीत होतं, खाडीपलीकडचं, आणि तीन पिढ्या आम्ही समुद्रापलीकडं गेलेल्या माणसाला खाडीपलीकडं नेऊन ठेवला.

बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली सकाळी आत्यांना फोन करा. तिला ऐकू येत नाही फोनवर, जावंच लागेल.

२६ फेब्रुवारी

आठवडाभर दुसरं काही वाचलं नाही. मोहीम काय होती ते आपल्या शब्दांत लिहून ठेवतो, नंतर पोरीला वाचून दाखवायचंय.

तिथला राजा तेवोद्रोस, इंग्रज त्याला थिओडोर म्हणायचे. त्यानं १८६२ साली व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं आणि त्याचं उत्तरच गेलं नाही. तो चिडला, इंग्रजांचा तिथला प्रतिनिधी कॅमेरॉन आणि काही मिशनरी लोकांना त्यानं कैदेत टाकलं, सोडवायला रस्सम नावाचा माणूस पाठवला तर त्यालाही अडकवलं. मग १८६७ मधे ठरलं की फौज पाठवायची, आणि ती पाठवायची मुंबईहून, कारण मुंबई इलाख्याची फौज तिथून सगळ्यात जवळची आणि तिचा सेनापती रॉबर्ट नेपियर. सुवेझचा कालवा अजून उघडलेला नव्हता, तो १८६९ चा.

फौज साधारण १३ हजार, त्यातले जवळजवळ ९ हजार हिंदुस्थानी. बरोबर त्याच्या दुपटीनं बाजारबुणगे, म्हणजे भिस्ती, हमाल, खेचरवाले, डोलीवाले. चाळीस हजारावर जनावरं आणि त्यात ४४ हत्ती, तोफा वाहायला, ते हत्ती मुंबईच्या बंदरातून जहाजांत चढवले. हत्ती जहाजात चढताना बघायला धक्क्यावर किती लोक जमले असतील!

उतरायची जागा झुला, तांबड्या समुद्राच्या आत शिरलेल्या एका खाडीवर. नुसती वाळू. तिथं धक्के बांधले, रेल्वे टाकली. आणि पाणी नाही. म्हणून काय केलं तर बंदरात उभ्या केलेल्या आगबोटींमधे समुद्राचं पाणी उकळून त्याची वाफ थंड करून गोडं पाणी केलं, माणसांना आणि जनावरांना तेच प्यायला, मोजून.

आगबोटीत शिजवलेलं पाणी.

हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होतो, उठून बाहेर गेलो. दीडशे वर्षं ज्या वाक्याला घरात म्हाताऱ्याची बडबड म्हटलं ते शब्दन् शब्द खरं होतं. पाण्याची बोट होती, पाणी शिजत होतं, आणि हा माणूस भांडं घेऊन रांगेत उभा होता. आणि थंडी पण खरी, कारण झुल्याहून कोरड्या नदीच्या पात्रातून घाट चढून सेनाफेला गेलं की उंची होते सात-आठ हजार फूट, खाली भट्टी आणि वर हुडहुडी. तो घाटरस्ता सुरुंग लावून फोडला तो मुंबईच्या सॅपर्स, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या पलटणीच्या लोकांनी. मधल्या काळात खेचरं रोगानं पटापट मरत होती, त्यांच्या सांगाड्यांच्या बाजूनं चढायचं.

पुढचं युद्ध तसं झटक्यात संपलं. समुद्रापासून तेवोद्रोसचा मगदला किल्ला ४०० मैल, तिथवर पोचायला तीन महिने. १० एप्रिल १८६८ ला अरोगीच्या मैदानात लढाई, तेवोद्रोसची शेकड्यांनी माणसं पडली आणि इकडं वीसेक जखमी, कारण त्यांच्याकडं भाले आणि जुन्या बंदुका, गोऱ्या पलटणींकडं मागून भरायच्या नव्या स्नायडर रायफली. आपल्या शिपायांच्या हातात मात्र तोंडानं भरायच्या जुन्याच, १८५७ नंतर चांगलं हत्यार आधी गोऱ्यांना असाच नियम झालेला. १३ एप्रिलला किल्ला पडला. तेवोद्रोसनं स्वतःला गोळी घातली, पिस्तूल तेच जे पूर्वी राणीनं त्याला भेट दिलेलं.

मग लूट. चर्चमधल्या पोथ्या, मुकुट, क्रॉस हत्तींवर आणि खेचरांवर लादून आणले, अजूनही लंडनच्या म्युझियममधे आहेत आणि इथिओपियावाले परत मागतायत. सात वर्षांचा राजपुत्र अलेमायेहू, त्याला इंग्लंडला नेलं, तो १८७९ साली अठराव्या वर्षी तिथंच वारला. हे मी मुद्दाम लिहितोय. खापरपणजोबा या सगळ्यात दुसऱ्याच्या हुकमानं गेले होते, पण गेले होते. पोरीला सांगताना पाण्याची गोष्ट सांगेन तशी त्या सात वर्षांच्या मुलाचीही सांगेन.

५ मार्च

पेटीवरचा दहा.

मुंबईच्या पायदळ पलटणींचे नंबर बदलत गेले, १८२४ मधे आणि परत १९०३ मधे. त्यामुळं नुसता नंबर घेऊन शोधायला गेलं तर भलत्याच पलटणीत जाऊन पडतो माणूस, ज्यांना असं काही शोधायचंय त्यांनी आधी साल पक्कं करावं. आमच्या माणसाची नोकरी या दोन्हींच्या मधली, म्हणजे दहा म्हणजे १० वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच. आणि १० वी अ‍ॅबिसिनियाला होती! नुसती होती नाही, सगळ्यात आधी झुल्याला उतरलेल्या तुकडीत होती, ऑक्टोबर १८६७, धक्के नाहीत, रेल्वे नाही, काहीच नाही अशा वेळी. पाण्याची सगळ्यात जास्त ओढाताण होती ती याच दिवसांत.

१९०३ ला या १० व्या पलटणीत १०० मिळवून ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, पुढं ५ व्या मराठाची ३ री बटालियन, आणि आज तीच आपली २ पॅरा, छत्रीधारी पलटण. पण १९०३ च्या त्या नावात आमची माणसं नव्हती. ते पुढं लिहितो.

१२ मार्च

मेडलांच्या बाबतीत एक चांगली गोष्ट अशी की अ‍ॅबिसिनियाच्या मेडलवर मागच्या बाजूला मधोमध शिपायाचं नाव असायचं, गोऱ्यांच्या मेडलवर उठावाचं आणि हिंदुस्थानी शिपायांच्या बहुतेक मेडलांवर ठोकलेलं. म्हणजे सोनारानं जे वितळवलं त्यावर आमच्या माणसाचं नाव होतं, इंग्रजी अक्षरात. हा एक विचार डोक्यातून जात नाही. ज्या दुखण्यात ते मोडलं त्यात आजोबा वाचले म्हणून मी आहे, त्यामुळं तक्रार कुणाकडं करणार.

ज्यांना मेडल दिली त्यांच्या याद्या आहेत, हिंदुस्थानी पलटणींच्या इंडिया ऑफिसच्या कागदांत, ते आता ब्रिटिश लायब्ररीत. लंडनला शिकणाऱ्या ओळखीच्या एका पोराला मेल केलाय. त्याला नावाची जितकी स्पेलिंगं सुचली तितकी लिहून दिली, चौदा झाली, कारण इंग्रज कारकुनानं नाक कधी 'नॅक' लिहिलंय कधी 'नाग'. आणि जातीच्या जागी महार शब्द शोधू नकोस, परवारी शोध असंही सांगितलं, फौजेच्या कागदात आपल्याला परवारी म्हणत.

२ एप्रिल

पणजोबांची बाजू. आत्याच्या आजीनं सांगितलेलं की पणजोबा अठराव्या वर्षी बापाची चांदणी सदऱ्याला लावून भरतीला गेले आणि त्याच दिवशी परत आले. का ते आत्याला माहीत नव्हतं, ती म्हणायची उंची कमी पडली असेल.

उंची नाही. पणजोबा १८७५ चे, अठरावं वर्ष म्हणजे १८९३. १८९२ साली महारांची भरती बंद झाली. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना लढवय्या जाती आणि बिगरलढवय्या जाती अशी वाटणी सुरू झाली, जातवार पलटणी केल्या, आणि ज्यांनी शंभर वर्षं मुंबईची फौज भरली त्यांना सांगितलं तुम्ही लढवय्ये नाही. गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढूळचे, स्वतः हवालदार होऊन १८८६ ला पेन्शनवर आलेले आणि दापोलीत राहिलेले, त्यांनी १८९४ मधे याविरुद्ध अर्ज लिहिला. त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढं १९१७ ला पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण काढली आणि १९२१ ला मोडली पण. कायमची महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावला. बापाची पेन्शन आणि नातवाचा काळ याच्या मधे आमचे पणजोबा सापडले.

ते मग मुंबईला गिरणीत लागले.

मला त्या अठरा वर्षांच्या पोराचं चालत घरी येणं सारखं दिसतंय. सदऱ्यावर चांदणी आहे, आणि बाप ओसरीवर बसलाय, आणि बापाला काय सांगायचं.

१४ एप्रिल

जयंती. आज आजोबांच्या कागदांत हात घातला. ते मार्च १९२७ ला गावकीतल्या पोरांबरोबर महाडला चालत गेलेले, बाविसाव्या वर्षी, २० तारखेला चवदार तळ्यावर होते. हे आम्ही शंभरदा ऐकलंय, त्यांनीच सांगितलंय, ओंजळीत पाणी घेतलं तेव्हा ते कोमट होतं असं म्हणायचे. आज पहिल्यांदा मला दोन्ही पाणी एकापुढं एक दिसलं. म्हाताऱ्यानं राणीच्या फौजेत तांबड्या समुद्राचं शिजवलेलं पाणी प्यायलं, पेन्शन घेऊन गावी आला आणि गावच्या विहिरीवर त्याला जाता येत नव्हतं. म्हणून सुनेनं तांब्याभर पाणी फेकलं की तो ओरडायचा. सून ते पाणी ओढ्यावरनं आणत होती ना.

२१ मे

लंडनहून मेल. पोरानं दोन दिवस घालवले त्या याद्यांवर. १० व्या पलटणीत आमच्या नावाशी जुळणारी दोन माणसं आहेत. दोघंही शिपाई. नावं जवळजवळ सारखी, एका अक्षराचा फरक, तोही कारकुनाचा असू शकतो. दोघांतला आमचा कुठला हे त्या कागदावरून ठरत नाही. दोन्ही ओळींचे फोटो पाठवलेत, प्रिंट काढून वहीत चिकटवले. भरतीच्या वेळचं गाव आणि बापाचं नाव असलेला एखादा कागद मिळाला तरच एक ओळ पक्की होईल. तोवर दोन्ही ठेवतो. दुसरा जो असेल तोही कुणाचा तरी खापरपणजोबा आहेच.

२८ मे

पोरीला घेऊन आत्याकडं. मेडलचा फोटो मोठा करून नेलेला. आत्यानं चष्मा लावला, बराच वेळ कागद डोळ्यांपुढं धरला, मग बोटानं टोकं मोजायला लागली. नऊ झाली तशी म्हणाली, "हाच. आजी म्हणायची चांदणीला नऊ टोकं, सोनारानं मोडायच्या आधी मोजलेली तिनं."

हे तिनं फेब्रुवारीत सांगितलेलं नव्हतं. मी पण विचारलेलं नव्हतं.

पोरीनं तिला आगबोटीच्या पाण्याची गोष्ट सांगितली, कानाशी ओरडून, हातवारे करून. आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आजीला कुणी सांगितलंच नाही."

घरी आल्यावर भावाला फोन केला, फ्रेममधली वंशावळ बदलायची. 'जंजिरा मोहीम' काढून 'हबसाण, १८६७-६८' लिहायचं ठरलं. तो म्हणाला कंसात अ‍ॅबिसिनिया टाकूया का. मी म्हटलं नको, म्हातारा हबसाणच म्हणत होता.